गोब्बी

आई गेली तेव्हा बाबांच्या मनात एक गोष्ट अडकून राहिली. शेवटच्या आठवड्यात, आदिलाबादच्या दवाखान्यात, आई त्यांना म्हणाली होती, ‘गोबीची भाजी खावीशी वाटते.’ बाबांनी बाजारातून फुलगोबी आणली आणि दवाखान्यामागे तीन विटा मांडून आयुष्यात पहिल्यांदा भाजी केली. आईने एक घास घेतला, वाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं.

“माह्या हातचं तिनं नाकारलं,” एवढंच ते मला म्हणाले.

ही एक्याण्णव सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. आईच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकाचं ठरत होतं. गेलेल्या माणसाच्या आवडीची एक भाजी त्या जेवणात करायची, ही आमच्या घरची रीत. मी गोबी म्हटलं. शेजारची पोचव्वा लसूण सोलत बसली होती. ती तेलुगू, पण आईबरोबर वर्षानुवर्षं कापूस वेचून मराठी आमच्यासारखीच बोलायची.

“तुही माय भागीरथा अन् गोबी? तिले त्याचा वाससुदा चालत नव्हता.”

“दवाखान्यात तिनेच मागितली, मावशी.”

पोचव्वाचे हात थांबले. “गोबी म्हनली का गोब्बी?”

ती उठली. “चाल, बिड्डा.” पोरीला ती तेलुगूत असंच म्हणायची.

ती मला गावच्या तळ्यावर घेऊन गेली. पाणी मागे हटलं होतं. उघड्या पडलेल्या चिखलात, लव्हाळ्याच्या पुढे, कमरेएवढी झुडपं दाट उभी होती. तांबूस, केसाळ खोड. पेरापेरावर लांबट पानांचा झुबका आणि त्याच झुबक्यात पिवळे, सरळ काटे. काट्यांच्या आतून जांभळी फुलं डोकावत होती. ओठ उघडल्यासारखी, खालच्या पाकळीवर पिवळा डाग. पुस्तकात मी हिचं नाव कोकिलाक्ष वाचलं होतं. कोकिळेचा डोळा मला कुठे दिसला नाही. बाबा हिला कोळसुंदा म्हणतात.

“आमी नीटिगोब्बी म्हनतो. पान्यातली गोब्बी,” पोचव्वा म्हणाली. फुलावर आलेली झुडपं सोडून ती ओल्या कडेच्या कोवळ्या रोपांकडे वळली. “वेचनीवरून येताना आमी दोघी इथूनच पाला न्यायचो. हिचं मराठी नाव तिच्या तोंडून मी कदी ऐकलंच नाही.”

ओटीभर पाला घेऊन आम्ही परतलो. बाबांना मी सरळच सांगितलं. त्यांनी एक पान उचलून उलटंपालटं करून पाहिलं.

“हा तर कोळसुंदा. मंग तसं म्हनाव ना.”

“म्हनली ना ती,” पोचव्वा म्हणाली. “तेलुगूत म्हनली. इतके वर्सं या गावात राहून राह्यले, दाजी, अन् बायकोची एक भाजी तुमाले वळखता येत नाही.”

“म्हंजे माह्यावर रुसली नव्हती?”

“रुसते काऊन? मागतली गोब्बी अन् तोंडात गोबी आली, दुसरं काय.”

बाबांनी पान पाल्यात परत ठेवलं. “खायाचीच राह्यली मंग तिची,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाजी त्यांनीच केली. आम्हा बायकांना चुलीजवळ येऊ दिलं नाही. आईच्या फोटोपुढे पहिली वाटी ठेवली, मग पंगत बसली. पोचव्वाने पहिला घास घेतला.

“खारट झाली, दाजी,” पोचव्वा म्हणाली.

“हो,” बाबा म्हणाले. “तिनं तेवढं सांगतलं असतं.”