घरातली दुसरी सकाळ

दीपमालाला जाग आली तेव्हा खोलीत काळोख होता आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. तिने खिडकीवरचा जाड पडदा सरकवला. बाहेर राखाडी उजेड. दिल्लीच्या डिसेंबरात धुरकं इतकं दाट असतं की सूर्य उगवतोय की मावळतोय, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"आई, सकाळ आहे की संध्याकाळ?"

"सकाळच की. पोहे झालेत. तोंड धू."

आई म्हणते म्हणजे असेल. दीपमाला सरकारी इस्पितळात नर्स. दर आठवड्याला ड्यूटी फिरणार, मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट, आणि पुन्हा पहिल्यापासून. अख्ख्या जगाला रविवार असतो, हिला 'ऑफ' असतो आणि तो कुठल्या वारी येऊन टपकेल याचा नेम नाही. कालपर्यंत नाइट होती, आता मॉर्निंग. म्हणजे उशीर झाला! तिने घाईघाईने युनिफॉर्म चढवला आणि धडाधड जिना उतरली.

गेटपाशी मुलं बॅडमिंटन खेळत होती. शेजारचे दिलीपजी ऑफिसातून परतत होते. "आज फिर नाइट है क्या?" त्यांनी विचारलं.

"हां... नहीं," असं काहीतरी पुटपुटत दीपमालाबाई मागे फिरल्या. नाइट तर आज सकाळीच संपली होती. सकाळी ती घरी आली, आईबरोबर जेवली, झोपली. दुपारी उठून चहा-पोळी खाल्ली आणि पुन्हा झोपली. मॉर्निंग ड्यूटी उद्या. स्वतःच्या वेंधळेपणाचं तिला हसू आलं. पण आईने सकाळ का म्हणावं, ते काही तिला उमगेना.

आई, मीराबाई, वडील गेल्यावर वणीहून सरोजिनी नगरच्या या क्वार्टरमध्ये आली होती. मधुमेहाची रोजची एक गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. पण इथे आल्यापासून मधूनच तिला दरदरून घाम फुटायचा, हातपाय थरथरायचे, चक्कर यायची. साखर एकदम खाली. का, ते कळत नव्हतं. डॉक्टर तपासून थकले. नागपूरला असलेल्या समाधानने, दीपमालाच्या धाकट्या भावाने, शेवटी हट्टच धरला होता: ताई, आईला इकडे पाठव. आज तो तिकिटाचं विचारायला फोन करणार होता. आईने जाऊ नये असं दीपमालाला मनापासून वाटत होतं, पण कुठल्या तोंडाने ठेवून घ्यायचं?

ती वर आली तेव्हा मीराबाई ओट्यापाशी उभी होती. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळी.

"ही कुठली?"

"सकाळची."

"अगं आई, संध्याकाळ झालीये! मी खाली जाऊन आले."

"असेल बाहेर," मीराबाई शांतपणे म्हणाली. "घरात तू उठली की सकाळ. तूच सांगितलं होतं ना, उठल्यावर खायच्या आधी एक घ्यायची."

दीपमालाने आधी गोळी तिच्या हातातून काढून घेतली. मग विचारलं, "दुपारी मी उठले तेव्हा?"

"तेव्हापण घेतली. मग तू झोपली, तर मीपण आडवी झाले. भांडं वाजलं की तुझी झोप मोडते."

दीपमाला खुर्चीवर बसली. ड्यूटी बदलायच्या दिवशी तिची झोप अशीच दोन तुकड्यांत व्हायची. त्या दिवशी घरात दोनदा सकाळ व्हायची, आणि आईच्या पोटात दोन गोळ्या जायच्या. चक्कर नेमकी त्याच दिवशी. वॉर्डात परक्यांच्या आयांना घड्याळ लावून औषध देणारी ही नर्स. आणि घरात हे! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण त्या लाजेच्या आत आनंदही होता. कारण सापडलं. आता आईला पाठवायची गरजच नाही.

"बघ, बिल्कुल सोपं आहे," ती आईचा हात धरून म्हणाली. "उद्यापासून तू माझ्याकडे बघायचंच नाही. उजाडलं की उठायचं, गोळी घ्यायची, वेळेवर खायचं. मी झोपलेली असो, ड्यूटीवर असो. माझ्यासाठी थांबायचं नाही."

मीराबाईने पोह्यांवर लिंबू पिळलं. ती रागावली नव्हती, तेच वाईट होतं.

"वेळेवर एकटीनं जेवायचं, तर ते मी वणीलाच करत होते," ती म्हणाली.

दीपमालाचं डोकं आधीच जड, झोप झाली की नाही तेही कळत नव्हतं. तिच्यातल्या नर्सला विचारलं तर ती एक सांगत होती, मुलीला विचारलं तर दुसरं. आणि दोघी खऱ्या होत्या.

फोन वाजला. "जयभीम ताई," समाधान म्हणाला. "तिकीट काढू ना? इकडे सगळे एकाच वेळी जेवतो आम्ही, तिला सोबत होईल."

आई बशीत पोहे वाढत होती. मान वर न करता ऐकत होती.

"काढ," दीपमाला म्हणाली.

आपण बरोबर बोललो की चूक, हे तिला त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मीराबाईने बशी तिच्यापुढे सरकवली, दुसरी स्वतःसाठी घेतली आणि समोर येऊन बसली.

"खा लवकर," ती म्हणाली. "परत झोपायचं असेल ना तुला."