मोराच्या पोटातला पासवर्ड

“शीला, अगं, हे काय काढलंयस?”

“रांगोळी, काका. दसरा ना आज!” मंडळात वरकामाला असलेली शीला म्हणाली.

सहदेवकाकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. डोंबिवलीच्या वधूवर मंडळातल्या सर्व्हरपुढे, सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकापुढे, रांगोळीचा मोर होता, आणि मोराच्या पोटात, ठसठशीत इंग्रजी अक्षरांत-आकड्यांत, काकांचा पासवर्ड.

“हा तुला मिळाला कुठे?”

“कपाटातल्या पाकिटात. नंदाताई म्हणाल्या, झाडून सगळ्या चाव्या पूजेला काढ. आणि मशीनचा सगळा जीव ह्याच्यात आहे, असं तुम्हीच म्हणालेलात. मग कपाटाची चावी पुजायची आणि हा पाकिटात कोंडून ठेवायचा?”

काकांनी आधी दाराकडे पाहिलं.

काका म्हणजे तीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त करत आलेला माणूस. टाइपरायटर भंगारात गेले, तेव्हा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स, म्हणजे सर्व्हर चालवणारी प्रणाली, शिकला. चौपन्नाव्या वर्षी, मांडीवर डिक्शनरी घेऊन. सर्व्हरवर चारशे मुलींचे पत्ते होते. ठाण्याची, टेंभी नाक्याची शाखा फोनच्या लाइनवरून तो सर्व्हर उघडायची. पासवर्ड कळला तर कुणीही, कुठूनही तो उघडला असता. मंडळाच्या मालकीणबाई नंदाताईंनी बजावलंच होतं, “एका मुलीचा जरी पत्ता बाहेर गेला ना सहदेवराव, तर मी परत वह्या काढीन. मग तुमचं इथे काम नाही.”

प्रसादाला माणसं यायला लागली होती. अकरा वर्षं नाव नोंदवून बसलेला कुंडलिक तर रांगोळीवर वाकून डायरीत काहीतरी उतरवत होता.

“काय रे, काय लिहितोस?”

“डिझाईन, काका. आईला दाखवतो. पण मोराच्या पोटात आकडे कशाला?”

“बीजमंत्र आहे तो,” काका म्हणाले. “लिहून घेतला की लग्न लांबतं.”

कुंडलिकने पान टराटरा फाडलं.

काका घाईघाईने कीबोर्डवर बसले. नवा पासवर्ड घालताना बोटं चालत होती, पण पडद्यावर एक अक्षर उमटत नव्हतं.

“बंद पडलं का हो?” शीला कुजबुजली.

“नाही गं. पासवर्ड टाइप करताना दिसत नाही. न दिसणं हेच त्याचं काम.”

शीला हिरमुसली. काका उठेपर्यंत तिने मोराचं पोट पुसून तिथे नुसता चौकोन काढला होता. रिकाम्या चौकोनावर हळदकुंकू, एक झेंडू.

“नवा इथे आहे असं समजायचं,” ती म्हणाली.

टाइपरायटरचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर अजून काकांच्या खिशात असायचा. तो त्यांनी काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, चौकोनाशेजारी ठेवला. आणि दोन्हींना मिळून एकच नमस्कार केला.