माझी गुळगुळीत बाजू

मी एक जुनी लोखंडी प्लेट आहे. जेवायची नव्हे, रस्ता खणला की त्या चरावर अंथरतात ती. दोन दारे शेजारी शेजारी ठेवावीत एवढा माझा आकार आणि वजन असे की मला हलवायला क्रेनच लागते. मित्रांनो, कधी गाडीखाली धडाड असा आवाज येऊन तुम्ही दचकला असाल, तर ती माझ्यासारखीच कुणीतरी असणार.

भट्टीतून लाल होऊन मी बाहेर पडले आणि जड रोलरांखाली दबून सपाट झाले. सुरुवातीची वर्षे एका गोदामात गेली. तिथे माझ्यावरून दिवसभर पेट्या ओढत. कधी या बाजूने अंथरत, कधी त्या; घासून घासून मी दोन्हीकडून इतकी चकचकीत झाले की गोदामाचा मालक पाहुण्यांना मुद्दाम दाखवी. मला ते आवडे. कौतुक कुणाला नको असते?

पुढे गोदाम पाडले आणि रस्त्याच्या कंत्राटदाराने मला उचलले. एका बाजारपेठेच्या रस्त्यावर पाण्याचा पाइप टाकायचे काम चालू होते. अर्धा रस्ता बंद, उरलेल्या अर्ध्यात दोन्हीकडची रहदारी. आडव्या खणलेल्या चरावर मला टाकले. बस माझ्यावरून गेली, ट्रक गेले. मी वाकले नाही. मुकादम म्हणाला, "प्लेट दणकट आहे." तेवढ्यावर मी खूश होते. धूळ बसावी म्हणून टँकरवाला सकाळी पाणी मारून जाई आणि मग मी ओल्या साबणासारखी होई, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते?

त्या रस्त्याने एक मुलगी रोज मोटरसायकलवरून वडिलांना दुकानात सोडायला जाई. वडील शिंपी होते. एका सकाळी समोरची रिक्षा अचानक थांबली. मुलीने ब्रेक दाबला आणि नेमके तेव्हा तिचे मागचे चाक माझ्यावर होते. गाडी आडवी झाली. मुलीला खरचटले. वडील उजव्या हातावर पडले.

"बाबा, हात हलवून बघा."

"नाही हलत गं," वडील शांतपणे म्हणाले. "आधी गाडी बाजूला घे, मागे लोक खोळंबलेत."

मनगट मोडले होते. कात्री धरायचा हात तो. मी लोखंड आहे, मला रडता येत नाही; पण त्या दिवशी माझ्यावरून काय काय गेले ते मला आठवत नाही.

दोन दिवसांनी मुलगी मोटरसायकलवरून एकटीच आली. मुकादम चहा पीत उभा होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वरून कामाची घाई होती.

"काका, या प्लेटवरून गाडी घसरते," ती म्हणाली.

"दिवसभर एवढ्या गाड्या जातात की, ताई. हळू चालवायची."

"चार चाकांच्या जातात. तुम्ही एकदा माझ्यामागे बसा."

मुकादम हसला. आजूबाजूचे मजूर बघत होते, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. वडिलांचे हेल्मेट त्याने डोक्यात कोंबले. टँकर नुकताच पाणी मारून गेला होता. मुलगी अगदी सावकाश आली, माणूस चालेल तेवढ्याच वेगाने. तरीही मागचे चाक एकदा डावीकडे सरकले, एकदा उजवीकडे. मुकादमाने दोन्ही पाय खाली टेकले आणि तिचा खांदा घट्ट धरला. उतरल्यावर त्याने हेल्मेट काढून तिच्या हातात दिले. मग वेल्डरला हाक मारली. "हिच्यावर वेल्डिंगच्या रेघा मार. जवळजवळ मार."

"आत्ता रस्ता अडवायचा? साहेब शिव्या देतील."

"त्या मी खातो. तू मार."

दुपारपर्यंत रस्ता तुंबला. लोकांनी हॉर्न वाजवले, मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ठिणग्या उडत होत्या आणि माझ्या चकचकीत अंगावर खरखरीत वळ उठत होते. माझ्या उंच कडेवर चाके आदळू नयेत म्हणून मुकादमाने दोन्ही बाजूंनी डांबराचा उतार केला आणि 'पुढे लोखंडी प्लेट' अशी पाटी पार वळणापाशी नेऊन उभी केली. त्यानंतर तिथे कुणी पडले नाही. आभार मानायलाही कुणी थांबले नाही. जे घडलेच नाही, त्याचे आभार कोण मानणार? वडिलांचा हात बरा झाला, पण मनगट पूर्वीसारखे वळत नाही. आता कापड मुलगी कापते आणि ते शिवतात. जाता-येता तिनेच हे मुकादमाला सांगितले.

काम संपले. मी कंत्राटदाराच्या आवारात गवतात पडून राहिले आणि कडांना गंजले. आज सकाळी मला दुसऱ्या रस्त्यावर आणले आहे. इथला मुकादम वेगळा, माणसे नवी. क्रेनने मला खाली ठेवताना कोणती बाजू वर आहे ते कुणी पाहिले नाही, आणि माझ्या रेघा चराकडे तोंड करून गेल्या. गुळगुळीत बाजू वर आहे. थोड्या वेळाने ते रस्ता अडवायला बांधलेली दोरी सोडतील आणि रहदारी सुरू होईल.

मित्रांनो, दुचाकीवर असाल तर माझ्यापर्यंत येण्याआधीच वेग कमी करा; माझ्यावर आल्यावर ब्रेक दाबू नका, गाडी वळवू नका, सरळ जा. आणि तुमच्यापैकी कुणी रस्त्याच्या कामावर असेल, तर क्रेनवाल्याला जरा थांबवा. मला उलटे करायला फार वेळ लागत नाही.