साडेचार आणि साडेचार

"पुन्हा तीनच! साडेचार लिही बाई आणि मोकळी हो," शेजारी बसणारी शिवणवाली माझ्या कानाशी पुटपुटली. "वन्संची पाठ आधीच आखडलीय. त्यात ही कटकट."

वन्सं माझ्या. शिवणवालीच्या त्या कुणी लागत नाहीत. पण मी तशी हाक मारते म्हणून सगळा वर्गच माझ्या नणंदेला वन्सं म्हणू लागला होता. "एवढ्या भावजया मिळाल्या आणि पक्कड जागेवर ठेवणारी एक नाही," असं त्या म्हणायच्या.

बायकांना दुरुस्ती शिकवायचा त्यांचा वर्ग दुकानाच्या वरच्या खोलीत भरायचा. खालचं दुरुस्तीचं दुकान सासऱ्यांनी थाटलेलं. ते गेल्यावर वन्संनी चालवायला घेतलं. कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. जे आलं ते बाबांशेजारी स्टुलावर बसून आलं. अजूनही एखादं गिऱ्हाईक काखेत टेबलफॅन धरून विचारतं, "मिस्त्री कुठायत?" वन्सं म्हणतात, "समोर उभ्या आहेत. पंखा ठेवा, हात अवघडेल."

इस्त्री-पंखे उघडायच्या आधी नियम आपल्या हातांनी तपासायचा, अशी त्यांची शिस्त. नऊ व्होल्टची बॅटरी, तिच्यापुढे एकामागे एक दोन सारखे रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारे तुकडे. प्रत्येकावर मीटरच्या तारा टेकवायच्या, आकडा वाचायचा, फळ्यावर लिहायचा. दोन्हींची बेरीज बॅटरीएवढी यायला हवी. "दिलं तेवढंच वाटेत खर्च होतं," वन्सं सांगायच्या. "मधल्यामधे कुणी खात नाही. वीज म्हणजे काही नातेवाईक नव्हेत."

हजार ओहमच्या रेझिस्टरांवर बेरीज चोख यायची. पण ते दुरुस्तीत संपले आणि वन्संनी बाबांच्या खणातले लाख ओहमचे काढले. त्यांच्यावर एकीकडे तीन, दुसरीकडे तीन. झाले सहा. बॅटरीला मीटर लावावा तर नऊ. उरलेले तीन व्होल्ट कुठे जायचे, देव जाणे.

फळ्यावर आम्ही साडेचार आणि साडेचार लिहायचो. तसं ठरवलं कुणीच नव्हतं. पहिल्यांदा मी लिहिलं, वन्संची मान खाली जाऊ नये म्हणून. मग बाकीच्यांनी. घरचीच बाई लिहितेय म्हटल्यावर कोण कशाला वाकडं जाईल? मला तर आपण फार मायेनं वागतोय असंच वाटत होतं.

फक्त शंका वाकडी गेली. दर वाक्याला शंका काढते म्हणून पडलेलं नाव. ती लाँड्रीत इस्त्री करायची. वाफेनं हातांची सालं निघालेली, तरी रोज सगळ्यांच्या आधी हजर. वन्सं वर्गातल्या एकीला दुकानात कामाला घेणार होत्या, आणि ती जागा शंकाला किती हवीय हे तिनं न सांगताच आम्हाला कळत होतं.

तिनं खडू घेतला. तीन. तीन. सहा.

"पुन्हा घे," वन्सं म्हणाल्या.

"घेतलं वन्सं, दोन मीटरवर घेतलं."

"मग हात थरथरला असेल."

"मला काय वाटतं, मीटरच थोडा करंट पीत असेल. एवढ्या मोठ्या रेझिस्टरमधून आधीच थेंब थेंब जातोय. त्यात यानं शेजारी बसून घोट घेतला तर..."

"मीटर हा साक्षीदार असतो," वन्सं म्हणाल्या. "साक्षीदार पंगतीला बसत नाही."

कुणीतरी हसलं. मीच हसले असेन.

वन्संनी डस्टरनं तिचे तीन पुसले. "या सगळ्यांना येतं आणि तुला येत नाही. जिला आकडा धड वाचता येत नाही, तिच्या हातात मी लोकांची इस्त्री कशी देऊ? कुणाला शॉक बसला म्हणजे? नको. तुला लाँड्रीच बरी."

शंकानं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा तिनं माझ्याच टेबलावर, माझाच मीटर वाचला होता. सुई तीनवर होती आणि आम्हा दोघींची डोकी तिच्यावर वाकलेली होती. मी मीटरच्या चिमट्यावरची नसलेली धूळ पुसू लागले. शिवणवाली जमिनीवर काहीतरी शोधत होती, आणि ते तिला सापडेना.

एका बाईची लाज राखतेय म्हणून मी मनातल्या मनात मिरवत होते, आणि तेवढ्यात दुसरीची चव्हाट्यावर गेली होती. तीही माझ्या साडेचारांमुळे. हे साडेचार कुठून आणले म्हणून विचारलं असतं, तर मी काय दाखवणार होते?

शंकानं पिशवी उचलली. "जाते," म्हणाली. दाराशी तिची चप्पल सापडेना. आमच्या सगळ्यांच्या चपलांखाली गेली होती. ती खाली वाकून एकेक बाजूला करू लागली, जोडीनं, नीट. ते मला बघवेना.

"वन्सं," मी म्हणाले. "माझेही तीनच येतात."

"काय?"

"सगळ्यांचेच येतात. साडेचार आम्ही मनानं लिहितो."

"अगं बाई," शिवणवाली जमिनीकडे बघूनच म्हणाली, पण नाही म्हणाली नाही.

मला वाटलं, आता टोमणा येणार, आणि तो घरीही पुरणार. पण वन्सं फळ्याकडे वळल्या. आमचे साडेचार त्यांनी एकेक करून पुसले. सगळ्यात वर माझे होते. त्यासाठी त्यांना टाचा उंचवाव्या लागल्या. खडूची भुकटी बाहीवर सांडली, ती त्यांनी झटकलीही नाही. मग त्या बाबांच्या स्टुलावर बसल्या.

"चप्पल ठेव खाली," त्या शंकाला म्हणाल्या. "इकडे ये. बस."

शंका बसली नाही, पण गेलीही नाही.

"माझेही तीनच येतात," वन्सं म्हणाल्या. "हे लाखवाले खणातून काढले तेव्हापासून. आणि का येतात, ते मला माहीत नाही."