आंबट कमी आहे

"आंबट कमी आहे," लॅबवाली म्हणाली. "अजून घाल."

"अजून? दोन चमचे घातलेत की!" टेलरबाईनं बाहीनं नाक पुसलं. तिच्यासमोर चिरलेल्या कांद्याचा डोंगर होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"जिभेला काही लागत नाहीये. घाल."

टेलरबाईनं तपकिरी बाटली पुन्हा तिरकी केली. टोमॅटोच्या रश्शात आणखी दोन चमचे गेले. लॅबवालीनं ढवळलं, फुंकर मारून पुन्हा चाखलं. मीठ बरोबर होतं, टोमॅटोचा गोडवा होता. व्हिनेगरचा आंबटपणा मात्र नव्हता. व्हिनेगर जुनं झालं असेल, असं तिच्या मनात आलं.

रविवारी दुपारी तिघी टेलरबाईच्या स्वयंपाकघरात जमत, कारण इमारतीत चार बर्नरची शेगडी तिच्याकडेच होती. आठवडाभराचं चिरणं, शिजवणं एका दुपारी उरकायचं आणि संध्याकाळी जिनं तिनं आपापले डबे घ्यायचे. चिरणं टेलरबाईकडे, तिच्या हातची गाजरं मापून कापल्यासारखी निघत. शिजवणं तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरणीकडे. आणि चव बघणं लॅबवालीकडे. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. पहिल्याच रविवारी तिनं डोळे मिटून भाजीतलं नेमकं काय जास्त झालंय ते सांगितलं होतं. तेव्हापासून तिचा चमचा फिरल्याशिवाय डब्याला झाकण लागत नसे.

त्याआधी ती संध्याकाळी घरी यायची आणि खांद्यावरची पर्स न काढताच ओट्याशी उभी राहायची. वडील खुर्चीतून म्हणत, "माझ्यासाठी काही करू नकोस. भूक नाहीये मला." तिला दमलेली बघून म्हातारा खोटं बोलतो, हे तिला कळायचं. डबे यायला लागले आणि बाबांना भूक लागायला लागली. आता ती दार उघडायच्या आत ते विचारत, "आज कुठला उघडायचा?"

मग महिनाभरापूर्वी तिला सर्दी झाली. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. साबण, स्पिरिट, ओली माती, कशालाच वास उरला नाही. प्रयोगशाळेतले डॉक्टर म्हणाले, येईल परत. पण कधी, ते सांगता येत नाही. तिनं घरी सांगितलं नाही आणि इथेही नाही. तेव्हापासून प्रत्येक रविवारी ती चमचा जिभेवर ठेवायची, मीठ तपासायची आणि "छान" म्हणायची. खारट, आंबट, गोड, कडू एवढं जिभेला कळतं; बाकीची सगळी चव नाकाची असते, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. आता ते जेवणाच्या ताटावरही कळत होतं. सगळं अन्न ऊन किंवा गार, मऊ किंवा कडक, एवढंच उरलं होतं.

दार ढकलून मास्तरीण आत आली. ती घरून मोठा कुकर आणायला गेली होती.

"अगं बाई! केक कोण करतंय?"

"केक कुठला?" टेलरबाई म्हणाली. "रस्सा आहे."

"जिन्यापर्यंत वास येतोय!" मास्तरणीनं कुकर खाली ठेवला, पातेल्यावर वाकली आणि झटकन मागे झाली. "यात काय ओतलंत?"

"व्हिनेगर."

मास्तरणीनं बाटली हुंगली. "व्हिनेगर म्हणे! व्हॅनिला इसेन्स आहे हा. तुझ्या बाटल्यांवर नावं का नसतात गं?"

"मला कळतात की! दुकानात तरी बटणांच्या बरण्यांवर कुठे नावं आहेत?"

"बटणं रश्शात घालत नाहीस म्हणून वाचलीस. आणि तुला वास नाही आला?"

"दोन किलो कांदा चिरून बघ, मग विचार." टेलरबाईनं मनगटानंच लॅबवालीकडे खूण केली. "पण ही? ही तर चाखत होती. अजून घाल म्हणाली!"

दोघी तिच्याकडे बघायला लागल्या. लॅबवालीनं चमचा ओट्यावर ठेवला.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "महिना झाला."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? मला चिरता येत नाही, अर्धा तास लागतो एका कोबीला. परतायला घेतलं की करपतं. चव बघायची तेवढंच माझ्याकडे होतं. तेही गेल्यावर काय नुसते डबे न्यायला येऊ?"

शेगडीवर रस्सा खदखदत होता. गॅस बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

एकदम टेलरबाई हसायला लागली. आधीच डोळे वाहत होते, त्यात हसू. "अगं पण बरोबर सांगितलंस की तू! आंबट नव्हतंच त्यात. व्हिनेगरचा एक थेंब नव्हता! मी चार चमचे ओतले तरी तू आपली कमीच म्हणतेयस!"

मास्तरीण ओठ दाबून उभी होती. मग तिलाही राहवेना. "जीभ पास," ती म्हणाली. "नाक नापास. नाकाला पुरवणी परीक्षा."

"तोवर?"

"तोवर नाक माझं, जीभ तुझी. आणि डबे न्यायचं पुन्हा बोललीस ना, तर बाकावर उभी करीन."

लॅबवालीला हसू आलं, आणि हसताना कळलं की महिनाभर आपण इथे नीट हसलोच नव्हतो.

"रश्शाचं काय करायचं?" तिनं विचारलं.

"इथेच राहू दे, आमच्याकडे," टेलरबाई म्हणाली. "आमचे हे पेपर वाचत जेवतात. पुठ्ठा वाढला तरी कळायचं नाही."

कामाला वेग आला. बाटल्यांना चिठ्ठ्या लागल्या, कांदा संपला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. शेवटी मसूर शिजला. मास्तरणीनं झाकण काढलं आणि वाफेवर नाक धरलं.

"झालाय. वास मस्त येतोय."

"मस्त म्हणजे कसा?" लॅबवालीनं विचारलं.

"म्हणजे... मसुराचा."

"बाई, हे उत्तर झालं का?"

वर्गात कुणापुढे न अडणारी मास्तरीण अडली. टेलरबाई हात पुसत जवळ आली. नाक आता मोकळं झालं होतं. तिनं डोळे मिटून दोनदा श्वास घेतला.

"धुतलेल्या सुती कापडावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवतो ना," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा पहिली वाफ येते. त्याच्यासारखा. थोडा मातकट."

लॅबवालीनंही डोळे मिटले. ती वाफ तिला आठवली. नाकाला आली मात्र नाही. तिनं चमचाभर मसूर जिभेवर घेतला आणि तोंडात घोळवत तशीच उभी राहिली.

तिघींचे डबे उघडे होते. झाकणं हातात धरून दोघी ती काय म्हणते याची वाट बघत होत्या.