तीसपैकी एकोणतीस

"तीसपैकी एकोणतीस!" मोठे डॉक्टर पडद्यावरच्या आकड्याकडे असे कौतुकाने बघत होते, जणू तो त्यांच्याच पोटचा. "एकोणतीस पेशंट चारही तपासण्यांना आले. कंपवाताच्या नव्या औषधाचा पायलट अभ्यास फत्ते! आता पुढच्या महिन्यात मुख्य चाचणी. हीच पद्धत, सहा दवाखाने."

टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीवरच्या सिस्टरच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

अहो, आले म्हणजे काय, उडत आले? हातपाय थरथरणारी माणसं, सकाळी आठला, उपाशीपोटी, दोन बस बदलून? आदल्या दिवशी तीसच्या तीस जणांना फोन कोणी केले? त्या निवृत्त मास्तरांना स्कूटरवर मागे बसवून कोणी आणलं? आजीबाईंचं रक्त काढेपर्यंत त्यांचा रडका नातू कडेवर घेऊन कोणी येरझाऱ्या घातल्या? हिने! आणि यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण फॉर्मवर त्याला रकानाच नव्हता. "पेशंट हजर: हो / नाही." हिने आपली हो-वर खूण केली आणि पुढचा कागद घेतला.

"इतके सगळे आले कसे पण?" आकडेवाल्या बाईंनी विचारलं. चाचणीची सगळी आकडेमोड या बाईंकडे. आकडा फार गोंडस दिसला की यांच्या कपाळाला आठी पडायची.

"लोकांत उत्साह आहे," डॉक्टर म्हणाले.

उत्साह म्हणे! सिस्टर तोंड उघडणार होती, पण मूग गिळून बसली. मुख्य चाचणीच्या यादीत तिचा सख्खा दादा होता. शिंपी माणूस. सुईत दोरा ओवता येईना म्हणून दुकानाला कुलूप घालून घरी बसलेला. आजाराला तीन वर्षं व्हायच्या आतलेच पेशंट चाचणीत घेणार होते, आणि दादाची तीन वर्षं दोन महिन्यांत भरत होती. चाचणी वेळेवर सुरू झाली तर दादा आत. लांबली तर बाहेर, कायमचा.

"आणि माणसं गळतच नाहीत म्हटल्यावर आठशे कशाला घ्यायचे?" डॉक्टरांची गाडी सुसाट सुटली होती. "सहाशे पुरेत. आठवणीचे फोन, जायला-यायला गाडी, असले लाडही आराखड्यातून काढून टाकले."

"लाड?" सिस्टर उभीच राहिली. "लाड म्हणालात तुम्ही?"

आणि मग तिने सगळं सांगितलं. फोन, स्कूटर, नातू, सगळं.

"अहो, छान केलंत की!" डॉक्टर हसले. "कौतुक आहे तुमचं. बसा आता."

"कौतुक घाला चुलीत!"

आकडेवाल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, तुम्ही यातलं काहीच केलं नसतं तर किती आले असते?"

तिने बोटांवर एकेक माणूस आठवला. "अकरा. फार तर बारा."

आता भडकायची पाळी बाईंची होती. "कळतंय का काय केलंत ते? पायलट कशासाठी असतो? घोळ काय होणार ते तीस जणांत कळावं, सहाशे जणांत नाही, म्हणून! छप्पर गळत होतं, तुम्ही खाली गुपचूप बादली धरलीत, आणि आम्ही म्हणतोय, वा, छप्पर उत्तम! निम्म्याहून जास्त पेशंट अर्ध्यावर गळाले असते. चांगलं औषध, पण गुण येतो की नाही तेच कळलं नसतं. गेलं असतं केराच्या टोपलीत."

"मग विचारायचं होतं!" सिस्टरचा आवाज चिरकला. "सहा महिन्यांत एकाने तरी विचारलं का, सिस्टर, ही माणसं येतात कशी? तुम्हाला आकडा हवा होता, मी माणसं आणत होते!"

"नाही विचारलं," बाई म्हणाल्या. "ती चूक माझी."

डॉक्टरांनी बरीच आदळआपट केली, पण बाई मुख्य चाचणीच्या आराखड्यावर सही करेनात. शेवटी ठरलं, पायलट पुन्हा करायचा. या खेपेला फोन करायला पगारी माणूस, गाडी ठरवलेली, आणि कोण कशामुळे आलं, कशामुळे नाही, ते रोजच्या रोज लिहायचं. मुख्य चाचणी पाच महिने पुढे.

दुपारी ती घरी आली तेव्हा दादा खिडकीशी बसला होता. तिने चप्पलसुद्धा न काढता सांगून टाकलं.

"म्हणजे माझं नाव गेलं," दादा म्हणाला.

"गेलं."

"तुला कोणी सांगितलं होतं त्यांना फोन करायला?"

"कोणी नाही."

"आणि आज तोंड उघडायला?"

"तेही कोणी नाही." ती त्याच्यासमोर खाली बसली. "अरे दादा, मी गप्प बसले असते तर ती चाचणी फुकट गेली असती. औषध चांगलं असूनही कुणालाच मिळालं नसतं. कधीच."

दादाने थरथरणारा उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला. रागाने त्याचा चेहरा लाल झाला होता.

"पण मला मिळालं असतं ना? चाचणीपुरतं तरी?"

चाचणीत निम्म्या लोकांना तुलनेसाठी औषधाऐवजी नुसती साखरेची गोळी देतात, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "तुला कदाचित मिळालं असतं."