शहाण्या वहिनींचा प्रचार

दिनानाथ आमदार झाला आणि वर्ष उलटायच्या आत हृदयविकारानं गेला. पोटनिवडणुकीत पक्षानं त्याच्या बायकोला, मैनाला उभं केलं. तिच्यासाठी तिकीट खेचून आणलं ते धाकट्या दिरानं, इंद्रजीतनं. त्याचा बेत सरळ होता. सही वहिनीची, कारभार आपला. लग्नाआधी पनवेलच्या मासळी बाजारात पाटी घेऊन बसणारी बाई विधानभवनात काय बोलणार होती!

मैना बोलली. सुरुवातीला गप्प राहून ऐकलं, आणि मग एक दिवस उभी राहून खाडीतल्या भरावाचं विचारलं. डंपर भरभरून माती ओतताहेत, कोळीवाड्याच्या होड्या ओहोटीला चिखलात रुततात, हे कोणाच्या परवानगीनं चाललंय? चौकशी लागली, डंपर थांबले. ते डंपर इंद्रजीतचे होते. मैनाला ते ठाऊक होतं. प्रश्न विचारण्याआधी तिनं त्याला घरी बसवून सांगितलंही होतं. तेव्हा तो हसला होता.

२००९ची निवडणूक आली. लेकीच्या बाळंतपणासाठी मैना उरणला गेली आणि परत येईतो तिकीट इंद्रजीतच्या खिशात गेलं होतं. तेवढं तिनं गिळलं असतं. पण तिकीट मिळवायला त्यानं आधी पक्षाच्या नेत्यांना आणि मग गावोगाव जे सांगितलं, ते घशाखाली उतरणारं नव्हतं. "दादा गेल्यापासून वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय. उपचार चालू आहेत. आपलं माणूस आहे, आपणच सांभाळून घ्यायचं," असं तो डोळे पुसत सांगायचा.

लोकांना ते पटलं. बाजारातल्या बायका तिच्याशी लहान पोराशी बोलावं तशा सावकाश बोलू लागल्या. एका बारशाला शेजारणीनं बाळ तिच्या मांडीवर दिलं, पण बाळाखालचा आपला हात काही काढला नाही. मैना चिडली की माणसं एकमेकांकडे बघत, म्हणजे बघा, खरंच आहे. म्हणून तिनं चिडणं सोडलं. राग मात्र जपून ठेवला.

२०१४ला सगळेच पक्ष वेगवेगळे लढायला निघाले आणि आमदार इंद्रजीतच्या पायाखालची वाळू सरकली. डंपर पुन्हा सुरू झाले होते आणि कोळीवाडा त्याच्यावर खवळला होता. त्यानं आईला मध्ये घातलं. म्हातारी रंभा मैनाकडेच राहायची.

"मैने, घरातली आमदारकी घरात ऱ्हाऊ दे गो. तुज्या दिराला सांबाळून घे."

"येऊ दे त्यांना," मैना म्हणाली. "पण चार माणसांदेखत येऊ दे."

इंद्रजीत आला. अंगणात सगळ्यांसमोर तिच्या पाया पडला. "वहिनी, जुनं काढू नका."

"नाय काढत. फिरते मी तुमच्यासंगं. फक्त माझी ओळख दर सभेत तुमीच करून द्यायची. आनि शेवटची सभा आपल्या बंदरावर. तिथं शेवटी मी बोलेन."

बाई मानाची भुकेली आहे, असं समजून त्यानं मान डोलावली.

खांदा कॉलनीतल्या सोसायट्यांत, पळस्पे फाट्यावर, शिरढोणला, सगळीकडे तो तिला घेऊन फिरला. टाळ्या पडतात हे कळल्यावर त्याची जीभ आणखी सैल सुटली. "या आमच्या वहिनी, माजी आमदार. यांच्याइतकी शहाणी बाई उभ्या तालुक्यात सापडायची नाही. मी प्रत्येक निर्णय यांना विचारून घेतो!" मैना हात जोडायची, दोन वाक्यं बोलायची, खाली बसायची.

एकदा बाजारात तिची जुनी मैत्रीण शशिकला तिला आडवी आली. "त्यानं तुला येडी ठरवली नि तू त्याच्यासाठी मतं मागतंस? लाज नाय वाटत?"

"त्याला बोलू दे गो अजून," मैना म्हणाली. "मना त्याचं सगलं बोलून झालेलं हवं."

प्रचाराचा शेवटचा दिवस. पाचला भोंगे बंद व्हायचे होते. बंदरावर माणूस मावत नव्हतं. निवडणूक खात्याचा अधिकारी कॅमेरावाल्याला घेऊन कडेला उभा होता. इंद्रजीत पाल्हाळ लावून बोलला, वहिनींच्या शहाणपणाची आरती पुन्हा एकदा ओवाळली आणि माईक तिच्या हाती दिला. पाच वाजायला थोडाच अवकाश होता.

"पाच वर्सांमागं भावजींनी तुमाला सांगितलं, वहिनी येडी झाली," मैना शांतपणे म्हणाली. "आनि आता गावोगाव सांगतात, वहिनीसारखी शहाणी बाई नाय. दोनी एकाच तोंडानं बोललेत. त्यातलं एक खोटं हाय. कंचं, ते मी सांगते. मी कवाच येडी नव्हते. मी यांचे डंपर थांबवले, म्हणून मना येडी केली. ज्यानं सख्ख्या भावाच्या बायकोला सोडली नाय, तो तुमची खाडी सोडंल? माझं मत या माणसाला नाय."

इंद्रजीतनं धावत येऊन माईक हिसकावला. तोंडाला सवय होती, तेच बाहेर पडलं. "वहिनींची तब्येत जरा..."

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. आधी शशिकला हसली, मग बाया हसल्या, मग सगळं बंदर हसलं. तो ओरडत होता, तेवढ्यात अधिकारी पुढे आला.

"साहेब, पाच वाजले. माईक बंद करा."

इंद्रजीत पडला. कोळीवाड्यानं त्याला धुऊन काढलं. निवडून आलेला दुसरा माणूस फार बरा होता असं नाही, आणि मैनानं तसं कधी म्हटलंही नाही.

निकालाच्या संध्याकाळी रंभानं आपलं गाठोडं बांधलं. "पोरगा माजा तोंड लपवून बसलाय. घास नाय खाल्ला त्यानं."

"पाच वर्सं मी कशी जेवत होते, आई? एकाच घरात होतो आपण. कवा विचारलंत?"

"मना वाटलं, तू खरंच..." म्हातारीनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली.

सासूनंही ते खरं मानलं असेल, हे मैनाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग तिनं गाठोडं उचललं, रिक्षात ठेवलं. सासूला हात द्यायला गेली, तर म्हातारीनं रिक्षाचा दांडा धरला.

"सुख लागलं तुला?" आतून रंभानं विचारलं.

"लागलं," मैना म्हणाली.

दोनचार दिवसांत दिवाळी आली. म्हातारीला समजावून घेऊन ये, असं शेजारपाजारचे सांगत होते. मैना गेली नाही. तिनं करंज्यांचा डबा भरला, ओळखीच्या रिक्षावाल्याजवळ दिला आणि बजावलं, "म्हातारीच्या हातात दे. भावजींनी हात पुढं केला, तर डबा परत घेऊन ये."